पंधरावा बुटक्या

भारताच्या महिला गोल्फ संघाचे चार फटके मी एकटीने, हातात स्टिकसुद्धा न धरता, वाढवून दिले.

ज्यांना गोल्फ कळत नाही त्यांना याचं कौतुक वाटेल. पण या खेळात फटके जितके कमी, तितका खेळाडू मोठा. एक फटका वाढला तरी माणसं घरात कोणी गेल्यासारखी तोंडं करतात. आणि मी चार वाढवले! तेही पोटच्या पोरीचे!

आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. खाली ह्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान, वर आम्ही. आमच्या खानदानात गोल्फ आला तो पाण्याच्या पंपातून. हे एकदा कामठीकडच्या एका मैदानावर पंप दुरुस्त करायला गेले आणि येताना एक मोडकी गोल्फची स्टिक घेऊन आले.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"फेकून राहिले होते. लोखंड चांगलं आहे." (आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू याच कारणाने आलेल्या आहेत. मी मात्र रीतसर लग्न करून आले.)

ह्यांनी तिचा दांडा कापला, वेल्डिंग केलं आणि ती सात वर्षांच्या मिनूच्या हातात दिली. त्या स्टिकचं नाव पडलं बुटक्या. त्या बुटक्याने मिनूने आधी गल्लीतल्या काचा फोडल्या, मग शेजाऱ्यांशी आमचे संबंध फोडले. तेव्हा वैतागून हे तिला मैदानावर घेऊन गेले. तिथून पोरगी जी सुटली ती एकदम भारताच्या संघात! महिला हौशी खेळाडूंची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा, आणि ती नेमकी आपल्या नागपुरात, काटोल रोडच्या पुढे संत्र्याच्या बागांपलीकडल्या नव्या मैदानावर. मला तर वाटलं, देशोदेशीच्या पोरी माझ्याच घरी लग्नाला आल्या आहेत.

संघात तिघी. रोज तिघींपैकी ज्या दोघी चांगल्या खेळतील त्यांचे फटके धरायचे. पण तिसऱ्या दिवशी आपल्या एका मुलीच्या मनगटाचा सांधा लचकला आणि ती बाहेर बसली. आता उरलेल्या दोघींचे सगळेच्या सगळे फटके मोजले जाणार होते. भारत चौथा होता. तिसरा आला तर पदक. म्हणजे मिनूने दसऱ्याला, शेवटच्या दिवशी, एकही चूक करायची नव्हती.

मिनूने केलीच नाही. घरात चूक करायला मी आहे ना!

दसऱ्याचा आदला दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी दुकानातली सगळी अवजारं पूजेला बसतात. पाने, पकडी, वाइंडिंगचं मशीन, ह्यांचा टेस्टर, आणि दरवर्षी बुटक्या. मिनू संघाबरोबर हॉटेलात उतरली होती. मी तिला फोन करून ठणकावलं, "शस्त्रं घेतल्याशिवाय घरी यायचं नाही." बिचारीने संघाच्या कॅप्टन मॅडमच्या हातापाया पडून परवानगी काढली आणि संध्याकाळी बॅग घेऊन घरी आली. ती भाजी-भाकरी खाऊन आडवी झाली. मी तिच्या सगळ्या स्टिका पाटावर मांडल्या, हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. त्यांच्या शेजारी ह्यांची मोठी पकड. काय शोभा आली होती म्हणून सांगू!

सकाळी मिनूची किंकाळी ऐकू आली.

"आई! हे काय करून ठेवलं वं? तोंडाले कुंकू लावलं!"

"देवाच्या कामात तोंडालाच लावतात."

"स्टिकच्या तोंडाले काही फासलेलं चालत नाही! मी त्यानं चेंडू मारला तर डायरेक्ट बाद करतात मले!"

झालं. ह्यांनी दुकानातून थिनर आणलं, मिनूने जुना टॉवेल घेतला, दोघं बापलेक घासायला बसले. माझ्याकडे कोणी बघेना. पण नियम म्हणजे नियम, मला पटलं. म्हणून मीही एका कोपऱ्यात बसून बुटक्यावरचं कुंकू स्वच्छ पुसलं. आणि मिनू आंघोळीला गेल्यावर त्याला तिच्या बॅगेत सोडलं.

आता तुम्ही विचाराल, का? अहो, ज्याच्या बोटाला धरून पोरगी चालायला शिकली त्याला दसऱ्याच्या दिवशी घरी ठेवायचं आणि बाकीच्यांना लढाईला पाठवायचं? अपशकुन नाही का! शिवाय त्याची पूजा झालेली. तो इतका बुटका की सरळ तळाशी जाऊन बसला. वरून काही म्हणजे काही दिसेना.

बॅगेत चौदाच्या वर स्टिका चालत नाहीत, हे मला कोण सांगणार? माझ्या स्वयंपाकघरात पाहुणा आला की एक वाटी जास्तच काढतात!

मैदानावर पोचलो तेव्हा कॅप्टन मॅडम बॅगांपाशी उभ्याच होत्या. बंगळुरूच्या बाई, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर परीक्षेचा पहिला दिवस. त्यांनी बॅगेतून वर आलेली टाळकी बोटाने मोजली, "चौदा," म्हणाल्या आणि मान हलवली. मीही लांबून मान हलवली. मला वाटलं, वा, किती काळजीने बघतात!

आमच्याबरोबर माझी नणंद कुसुमताई होती. खास पारशिवनीहून आलेली, पिशवीत आपट्याची पानं आणि संत्री घेऊन. (अंबिया बहाराची पहिली संत्री, अजून चांगलीच आंबट.) दोरीच्या मागे सगळी माणसं गप्प उभी. कुसुमताईला ते सहन होईना.

"वयनी, हे सारे चुप काहून आहेत वं? कोणाची मयत झाली का?"

"खेळताना बोलायचं नसतं इथे."

"मंग मजा कशी येते बाप्पा?"

पहिल्या होलला मिनूचा चेंडू वाळूत गेला. दुसऱ्याला अगदी भोकाच्या काठावर येऊन थांबला, आत जाईना. मिनूचे खांदे पडले. ती बॅगेची ट्रॉली ओढत आमच्या समोरून जायला लागली आणि माझ्यातली आई फसफसून वर आली.

"मिनू! घाबरू नको वं बाई! बुटक्या आहे तुझ्यासोबत! बॅगेत!"

मैदानावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मिनू जागच्या जागी थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. मग बॅगेत खांद्यापर्यंत हात घातला, तळ ढवळला आणि बुटक्याला बाहेर काढलं. त्याच्या मुठीला झेंडूची एक पाकळी चिकटली होती. मी आनंदाने हात हलवला!

आणि माझ्या पोरीने स्वतःहून हात वर करून पंचबाईंना बोलावलं. उंच, गोऱ्या, रुंद टोपीवाल्या बाई. त्यांनी बुटक्याला आधी उलटं धरलं, मग सुलटं. दोघींचं काहीतरी बोलणं झालं. पंचबाईंनी चार बोटं दाखवली.

"चार मार्क दिले वाट्टे!" कुसुमताई म्हणाली.

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. गेली कित्येक वर्षं मैदानावर जाऊन जाऊन ह्यांना सगळे नियम पाठ. "चौदाच्या वर एक जरी स्टिक असली तरी हर होलले दोन फटके दंड. दोन होल झाले. चार फटके वाढले तिचे," हे हळूच म्हणाले. "तुले कोण सांगितलं होतं वं?"

"मी शुभ म्हणून..."

"शुभ!"

एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उन्हातान्हात हाताला फोड येईपर्यंत राबलेली पोर, तिच्या सगळ्या मेहनतीवर मी चिमूटभर कुंकवाच्या श्रद्धेने पाणी ओतलं होतं. मला रडू फुटलं, अगदी हमसून हमसून.

तेवढ्यात मिनू दोरीपाशी आली. मी मनाची तयारी केली. तिने बुटक्या माझ्या हातात दिला.

"हा धर. आन् आई, रडू नको. तू रडून राहिली का मले नाही खेळता येत."

तिच्या मागून कॅप्टन मॅडम आल्या. त्यांनी मला कोपरापासून हात जोडले. "आंटीजी, अब एक शब्द नहीं. प्लीज."

ती जबाबदारी ह्यांनी उचलली. मिनू चेंडूपाशी उभी राहिली की हे संत्र्याची एक फोड माझ्या तोंडात कोंबायचे. गिळून होईपर्यंत मिनूचा फटका मारून झालेला असायचा. मी डोळ्यांतून पाणी काढत होते. ते दुःखाचं किती आणि आंबटपणाचं किती, हे आता सांगता येणार नाही.

पण एक गोष्ट सांगते. मिनू चिडली की तिचा हात बसतो. (यात ती माझ्यावर गेली आहे. हे म्हणतात बापावर. हे थंड माणूस, ह्यांच्यावर कशी जाईल?) तिसऱ्या होलपासून तिने दात ओठ खाऊन जे मारायला सुरुवात केली, बापरे! कुसुमताईला काही कळत नव्हतं, तरी ती माझा दंड आवळत होती. "भल्ली मारून राहिली वं वयनी! कोणावर राग काढून राहिली एवढा?"

तोंडात संत्रं होतं म्हणून मी उत्तर दिलं नाही.

शेवटच्या होलपर्यंत तिसऱ्या जागेसाठी भारत आणि आणखी एक देश यांची चुरस चालली होती. त्या देशाचा आणि आपल्या दुसऱ्या मुलीचा खेळ संपला होता. आता फक्त मिनू उरली होती आणि तिच्या चेंडूपासून भोकापर्यंतचं हिरवं, उतरतं गवत. एका फटक्यात गेला तर पदक. दोन लागले तर बरोबरी आणि पुन्हा झुंज.

ह्यांनी या वेळी फोडी मोजल्याच नाहीत. सोललेलं अर्धं संत्रं तोंडात बसवलं आणि वरून हात ठेवला. मी बुटक्याला छातीशी घट्ट धरलं. मिनूने टोलवलं. चेंडू निघाला, उतारावर रेंगाळला, काठाशी आला, थबकला... आणि टपकन आत!

मैदानावरची सगळी माणसं ओरडली. ज्या एकाच क्षणी मला ओरडायची परवानगी होती, त्या क्षणी मला ठसका लागला! अर्धं संत्रं सगळ्याच्या सगळं बाहेर आलं आणि मला मिठी मारायला धावत आलेल्या कॅप्टन मॅडमच्या पांढऱ्या शर्टावर गेलं.

त्यांनी तरीही मिठी मारली. बाई मोठ्या मनाची.

मग काय, कुसुमताईने पिशवी उघडली आणि दिसेल त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवत सुटली. पंचबाईंनाही दिलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" पंचबाईंनी पान उलटसुलट करून बघितलं, बुटक्याला बघितलं होतं तसंच, आणि मग जपून खिशात ठेवलं. पदकाच्या फोटोत तिन्ही मुली आहेत, कॅप्टन मॅडम शर्टावरच्या डागासकट आहेत आणि मधोमध मिनूच्या हातात बुटक्या आहे. मी नाही. मला लांब उभं केलं होतं.

परत येताना गाडीत हे बोटांवर हिशेब करत होते.

"दुसऱ्या नंबरच्या अन् आपल्यात तीनच फटके होते म्हटलं."

"मग?"

"काही नाही. चार कमी असते, तर चांदी होती."

दसऱ्याचं सोनं लुटून आम्ही कांस्य घेऊन घरी आलो. सगळ्या गल्लीने मिनूला ओवाळलं, पूर्वी काचा फुटलेल्यांनीसुद्धा.

यंदाच्या खंडेनवमीला मिनू घरी होती. पूजा तिनेच मांडली. मला पाटापासून चार हात लांब बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले. पाने झाले, पकडी झाल्या, मशीन झालं. चौदा स्टिकांच्या फक्त दांड्यांना हळद-कुंकू लागलं. बुटक्याला झेंडूचा हार. मग ती कुंकवाची कुयरी घेऊन उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या कपाळाला बोट टेकलं.

"आज सणाचं मलाही लावतेस?" माझे डोळे भरून आले.

"नाही वं आई," ती म्हणाली, "शस्त्रपूजा आहे ना. घरातलं सगळ्यात घातक शस्त्र राहून जात होतं."