दत्ताचा जुना सेटप

या सदरातले अनुभव बायको मोठ्याने वाचायची आणि मी फिदीफिदी हसायचो. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... असल्या गोष्टींना माझ्याकडे थारा नव्हता. आज तेच लिहायला बसलोय, त्यामुळे स्वतःचाच राग येतोय. पण सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला काय करू!

भोरला एसटी स्टँडमागे माझं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. आधी आम्ही दोघं होतो, मी आणि दत्ता. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर केलं होतं, त्याचा सेटप, म्हणजे ते कॉम्प्युटरवर चढवणारी फाईल, दत्ताने बांधला. तो गुंजवण्याचा. आपल्या गावच्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवर त्याने हौसेने स्वतःचा आवाज भरला. "या तात्या, किटली ठेवा." "आज फॅट झ्याक लागलंय बरं का!" दोन वर्षांपूर्वी दत्ता बसल्या जागी गेला. हार्ट अटॅक. केंद्र आता त्याची बायको चालवते, शैलावैनी. दत्ताचा आवाज जगात त्या एकाच कॉम्प्युटरवर उरलाय, आणि वैनी तो रोज दोन्ही वेळा मोठा करून लावतात.

यंदा मी शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाच्या नोंदींचं नवं सॉफ्टवेअर केलं. वरच्या वाड्यांवरचे मेंढपाळ नोंदीला वैनींकडेच येणार होते. नव्याने सेटप कोण बांधत बसणार? दत्ताचाच उचलला, नाव बदललं, चित्र बदललं, झालं काम. आमच्या धंद्यात सगळे हेच करतात.

मी केंद्रावर पोचलो तेव्हा सकाळचं दूध घेऊन टेम्पो गेला होता, ऊन चांगलं वर आलं होतं. वैनी बाहेर कॅन धूत होत्या. मी दुधाचं सॉफ्टवेअर बंद केलं, नवा सेटप चालू केला. हिरवी पट्टी सरकायला लागली... आणि स्पीकरमधून आवाज आला —

"थांब, येड्या!"

दत्ताच! येड्या म्हणणारा दुसरा कोण होता मला? हात आपोआप कॅन्सलवर गेला. मग खाली बघितलं, तर स्पीकरची पिन काढून तिथं मीच माझा मोबाईल चार्जिंगला लावला होता.

सेटप उघडून तपासला, तेव्हा माझी चूक सापडली. प्रत्येक सॉफ्टवेअरला आत एक ओळख-कोड असतो. तो बदलायचा मी साफ विसरलो होतो. त्यामुळे कॉम्प्युटर नव्याला जुन्याचीच पुढची आवृत्ती समजून आधी जुनं काढून टाकणार होता. दत्ताचा सेटप जुनं काढताना अख्खा फोल्डर पुसतो. आवाजासकट.

वैनी ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं.

"कुणाला थांब म्हणाले हे?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, घाबरतील. पण त्यांचा चेहरा रागाने लाल झाला.

"दोन वर्सं मी तीच चार वाक्यं ऐकतीय, भाऊजी. शब्द इकडचा तिकडं न्हाई. आन् नवीन बोलले ते तुमच्याशी व्हय?"

मी म्हटलं, निदान आवाजाची कॉपी घेऊन ठेवतो. तर म्हणाल्या, "हात लावू नका. कॉपीतनं बोलायचे न्हाईत ते."

स्पीकरची पिन परत लावून तिथं बसूनच सगळी रेकॉर्डिंग ऐकली. "थांब" कशातच नाही. "येड्या" तर नाहीच. वीज नसलेला स्पीकर कसा बोलला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, आणि जरा लवकर सांगा. कारण काल वैनींचा फोन आला होता.

"भाऊजी, ते दुधाचं सॉफ्टवेअर काढून टाकायचं बटन कुठं असतं हो?... न्हाई, न्हाई, काढत न्हाई मी. नुसतं दाबून बघते."