तीनदा धुतलेली झारी

“डोस चुकला.”

कोणाचंही पीक बुडालं की तो एवढंच म्हणायचा. आधी वावरातली चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, थुंकायचा, मग पांढऱ्या कोटाच्या खिशातलं पेन काढून तळहातावर काहीतरी लिहायचा आणि निकाल द्यायचा. पीक चांगलं आलं असेल तर “सिद्ध झालं.” वाईट आलं असेल तर “डोस चुकला.” तिसरा निकाल त्याच्याकडं नव्हता.

आमच्या निमोण्यात त्याला सगळे शास्त्रज्ञ म्हणायचे. पहिल्यांदा तो स्वतःच स्वतःला म्हणाला. मग पोरं चेष्टेनं म्हणू लागली. वर्षभरात चेष्टा कुठं संपली ते कोणाला कळलं नाही. दारावर पत्र्याची पाटी होती, तिच्यावर नाव बारीक आणि ‘शास्त्रज्ञ’ मोठं. तुमच्याही गावात असा एखादा असेल. नसेल तर तुम्ही नीट बघितलं नसेल.

तो माझ्या शेजारचा. मी लग्न होऊन आले तेव्हा शेंबडा होता. त्याचं नाक मी माझ्या पदरानं पुसलेलं आहे, आणि ज्याचं नाक पुसलं त्याला शास्त्रज्ञ म्हणायला माझी जीभ काही वळली नाही. मी त्याला शेवटपर्यंत अरेतुरेच केलं. तो मला काकी म्हणायचा.

रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीत तो वीस वर्षं होता. “लॅबला होतो,” म्हणायचा. लॅबला काय करत होतास, असं गावात कोणी विचारलं नाही. मी विचारलं.

“काचसामान बघायचो, काकी.”

“बघायचो म्हंजी?”

“धुवायचो,” तो हळूच म्हणाला. मग एकदम तोंड उघडलं. “पण आमचं धुणं तुमच्या भांड्यांसारखं न्हाई. तीनदा साध्या पाण्यानं, तीनदा शुद्ध पाण्यानं. आधीच्या औषधाचा एक थेंब जरी राहिला, तरी पुढचा सगळा हिशेब खोटा. साहेब लोक चुकायचे, माझी बाटली कवा चुकली न्हाई.”

एवढं सरळ बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. कोट तिथलाच होता. खिशावरचं कंपनीचं नाव त्यानं ब्लेडनं उसवलं होतं, पण सुईची भोकं तशीच होती.

गावाला कोट पुरला. कोट, पेन आणि न कळणारा एक शब्द. त्याचा शब्द होता पीएच. माती खराब झाली की पीएच बिघडला. विहिरीचं पाणी मचूळ झालं, पीएच बिघडला. सरपंच आणि उपसरपंच बोलेनासे झाले तेव्हाही तो म्हणाला, “दोघांचा पीएच बिघडलाय.” लोकांनी माना हलवल्या. मी चौथी शिकले. चौथीत एवढं शिकवतात, की न कळलेल्या गोष्टीला मान हलवायची नसते. पुढच्या इयत्तांमध्ये बहुतेक ते विसरायला लावतात.

त्याचं औषध निळ्या रंगाचं होतं. अंगणात तीन मोठे ड्रम होते, त्यात शेण, गोमूत्र, काळा गूळ, ताक, बेसन आणि वरून काहीतरी गुपित. आठ दिवस ते कुजायचं. वारा आमच्याकडं असला की मी जेवायला मागच्या दारी बसायचे. ते कांद्यावर मारलं की कांदा पोसतो, पातीवर करप्याचा रोगही येत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि गंमत म्हणजे ज्यानं ज्यानं मारलं त्याचा कांदा चांगलाच आला.

आता हे कसं झालं ते सांगते. आपल्याकडं नवं औषध आणलं की माणूस ते माळाच्या रानात मारत नाही. वाया जाईल म्हणतो. विहिरीजवळचं, काळ्या मातीचं, ठेवणीतलं वावर असतं, तिथं मारतो. दोन पाणी जास्त देतो. सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन उभा राहतो. मग तो कांदा माळाच्या कांद्यापेक्षा चांगला येतो. तो औषधाआधीही चांगलाच येत होता. पण आता शास्त्रज्ञ होता ना. “सिद्ध झालं.”

एकदा दिवाळीच्या तोंडावर तो माझ्याकडं आला. हातात पेढे. २६ जानेवारीला ग्रामपंचायत त्याचा शास्त्रज्ञ म्हणून सत्कार करणार होती. दौंडकडच्या खुटबावचे त्याचे पाहुणे येणार होते. नुसते शाल बघायला नव्हे. तिथले दहा-बारा शेतकरी यंदा करप्याला दुसरं काहीही न मारता फक्त याचंच औषध मारणार होते, आणि सत्काराच्या दिवशी ड्रमच उचलून नेणार होते.

“काकी, तुमचा कांदा गावात एक नंबर. तुम्ही स्टेजवर दोन शब्द बोला. औषधानं फरक पडला म्हणा.”

“मी कवा मारलं तुझं औषध?”

“मग आता मारा की.”

“मारते. पण बघितल्याशिवाय बोलणार न्हाई. आन् डोस तूच कालवून दे, नंतर तो चुकायला नको.”

माझं रोप टाकायचं चाललंच होतं. मी शेजारशेजारचे दोन वाफे घेतले. एकच बी, एकच पाणी, एकच ऊन. त्यानं कालवून दिलेलं औषध एका वाफ्याला, दुसऱ्याला तेवढंच विहिरीचं पाणी. औषधाच्या वाफ्याच्या कोपऱ्यात मी हिरव्या काकणाचा तुकडा पुरून ठेवला. हे फक्त माझ्या सुनेला माहीत होतं. ती म्हणाली, “आत्या, कशाला कुणाची चेष्टा?” मी म्हटलं, चेष्टा न्हाई, पारख हाय.

महिन्यानं त्याला बोलावलं. तो कोट घालून आला. माती चाखली, डोळे मिटले, थुंकला, तळहातावर लिहिलं.

“सांग आता, तुझा वाफा कुठला?”

त्यानं क्षणाचाही वेळ लावला नाही. “ह्यो! काळोखी बघा पातीला. काही सांगायलाच नको. सिद्ध झालं.”

मी सुनेला खुरपं दिलं. त्यानं दाखवलेल्या वाफ्याचा कोपरा तिनं उकरला. माती निघाली. दुसऱ्या वाफ्याचा उकरला. काकण निघालं. मग मी दोन्हीकडच्या पाती उलटून दाखवल्या. करप्याचे ठिपके दोन्हीकडं सारखेच होते, औषधाला काडीचाही मान न देता.

सुनेला हसू आवरेना, ती पदर तोंडाला लावून घरात पळाली. तो काकणाच्या तुकड्याकडं बघत बसला. मी वाट बघत होते. आता म्हणेल, डोस चुकला. तोंड उघडलंही त्यानं. पण डोस त्यानंच कालवला होता.

“झारी एकच वापरली का, काकी?” शेवटी त्यानं विचारलं.

“व्हय. एकच हाय माझ्याकडं.”

“मधी धुतली?”

“विसळली.”

“विसळून भागत न्हाई.” तो उठला. “औषध तिकडं गेलं असंल. दोन्ही वाफे सारखे होणारच. परत करावं लागंल.”

मला वाटलं, पळवाट काढली. पण खरं सांगायचं तर चूक माझी होती आणि ती त्यानं बरोबर धरली होती.

त्यानं घरामागं मेथीचे सहा वाफे केले, कारण मेथी महिन्यात हाताला येते. मी कुंपणावरून सगळं बघत होते. दोन नव्या झाऱ्या आणल्या. वापरली की प्रत्येक झारी तीनदा धुवायचा, आतून बोट फिरवून वास घ्यायचा, उलटी घालायचा. कोणत्या वाफ्याला काय, ते स्वतःला कळू नये म्हणून माझ्या सुनेला रोज घालायला लावलं. पाण्यातही काहीतरी रंग टाकून दोन्ही सारखं निळं केलं. त्या महिन्यात त्यानं कोट घातला नाही. चिखलात मळतो म्हणाला. माती चाखली नाही, पीएच म्हणाला नाही. मला तर तो आजारी वाटला.

मेथी उपटायच्या दिवशी त्यानं तराजू आणला. सहाही वाफ्यांची मेथी वेगवेगळी जोखली आणि वहीत मांडली. तळहातावर नाही. मग सुनेला विचारलं, कोणती कशाची. ऐकलं. वही मिटली.

“काय झालं रं?” मी कुंपणावरून विचारलं.

“काही झालं न्हाई,” तो म्हणाला. “काहीच होत न्हाई, काकी.”

सत्कार चार दिवसांवर होता. मी म्हटलं, “आजारी पडलो म्हण आन् घरी बस.”

तो म्हणाला, “मी घरी बसलो तरी ड्रम जातील की.”

२६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात मांडव पडला. सरपंचांनी त्याला ‘जागतिक कीर्तीचे’ केलं. त्याचं नाव तोवर दौंडपर्यंतही नीट गेलं नव्हतं. शाल दिली, नारळ दिला. तो माइकसमोर उभा राहिला. नारळ कुठं ठेवायचा ते कळेना, म्हणून बगलेत धरला.

“मी सहा वाफे केले,” तो म्हणाला. “तिनाला औषध, तिनाला पाणी. फरक न्हाई. माझ्या औषधानं काही होत न्हाई. खुटबावच्या पाव्हण्यांनी करप्याला नेहमीचं औषध मारावं. मी लॅबला बाटल्या धुवायला होतो.”

मग सरपंचांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळा मांडव वाजवू लागला. “बघा! केवढा हा विनय! खरी मोठी माणसं अशीच असतात!”

“विनय न्हाई, आबा. जोखून बघितलंय.”

“वा वा!” सरपंच म्हणाले आणि माइक काढून घेतला.

खाली मात्र विनयाचा वेगळा अर्थ लागला होता. माझ्या मागचा एक म्हणाला, “कुठल्यातरी कंपनीनं फॉर्म्युला घेतलाय. आता आपल्याला देणार न्हाई.” खुटबावचे पाहुणे तर लालच झाले. त्यातला थोरला उठून ओरडला, “न्हाई म्हणायचं तर तोंडावर म्हणा की दाजी! भावकीत असं फसवत्यात व्हय?”

माणूस खोटं बोलत होता तेव्हा एकानंही ‘फसवलं’ म्हटलं नव्हतं.

पाहुणे टेम्पो घेऊन त्याच्या दारात गेले. पण तो आडवाटेनं आधी पोचला होता. मी घरी आले तेव्हा तिन्ही ड्रम आडवे होते आणि गटारातून निळा लोट वाहत होता. तो शाल कमरेला बांधून ड्रम धूत होता. पाहुणे शिव्या देत होते. त्यानं एक ड्रम धुतला, पाणी ओतलं, परत भरला, परत धुतला. मी मोजलं. तीनदा. मग दुसरा घेतला. पाहुणे शेवटी कंटाळून गेले. शिव्या देणाऱ्याला समोरून काहीतरी लागतं.

“हे निळं काय हाय रं एवढं?” मी विचारलं.

“नीळ, काकी. धुण्याची. रंग नसला तर औषध घेत न्हाई कुणी.”

हेच ते गुपित.

दुसऱ्या दिवशी पाटी काढताना दिसला. मी म्हटलं, “मेल्या, इतकी वर्सं फुकट लावलीस. आता कुठं लायकीचा झालास, तर काढतोस?”

“राहू द्या काकी,” तो म्हणाला आणि पाटी कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली. अक्षरं आतल्या बाजूला. नंतर ती फक्त कोंबड्यांनी वाचली.

गावात तेव्हापासून म्हणतात, आधी चांगला शास्त्रज्ञ होता, मग डोकं फिरलं. खुटबावच्यांनी रागानं दुकानातलं नेहमीचं औषध मारलं आणि त्यांचा कांदा वाचला. त्याबद्दल त्याला फोन कोणी केला नाही. आमच्याकडं पुढच्या हंगामात दुसरा एक जण आला, गळ्यात ओळखपत्र, औषध हिरवं. त्याचंही सगळ्यांनी विहिरीजवळच्या वावरात मारलं.

तो मग भांडगावला लेकीकडं राहायला गेला आणि दोन वर्षांनी तिथंच वारला. दहाव्याला मी गेले होते. हायवेच्या कडेला फ्लेक्स लावला होता, पांढऱ्या कोटातला फोटो, खाली ‘थोर कृषी शास्त्रज्ञ’. आमच्या सरपंचांनीच लावला होता म्हणे. माणूस एकदा बोलायचा बंद झाला की त्याला काहीही म्हणता येतं. मी लेकीला म्हटलं, “तिथं लिही, याची बाटली कवा चुकली न्हाई.” ती रडत होती. तिला वाटलं म्हातारी काहीतरी बरळते.

त्याच्या दोन झाऱ्या माझ्याकडं आल्या. दर वर्षी रोप टाकताना मी एक वाफा साधा ठेवते, नुसत्या पाण्याचा. परवा दुसऱ्या वाफ्याला दुकानातलं काहीतरी घालून झालं, सुनेनं झारी विसळली आणि तीच घेऊन साध्या वाफ्याकडं निघाली.

“धुतली का?”

“धुतली की आत्या.”

“किती वेळा?”

ती माझ्याकडं बघत राहिली, मग हौदाकडं परत गेली. मी वाफ्याच्या कडेला बसून ऐकत होते. एकदा पाणी ओतल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा आला. मी उठले नाही. तिसऱ्यांदा आला, तेव्हा उठले.