पुजलेला लेथ

आटगावच्या देवरामला भेटलात तर लेथचा विषय काढू नका. तो काय बोलणार नाय, पण त्याचं ते गप्प तोंड बघून मलाच राग येतो. त्याच्यावर नाय, त्याच्या थोरल्या भावावर.

मी आणि देवराम मुरबाडला एकाच कारखान्यात हातलेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या हातानं चालवायच्या मशिनीवर होतो. दोन हजार तीन साली तिथं कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशिनी आल्या आणि आमी सगळे घरी. बाकीचे नशिबाला शिव्या देत बसले. देवरामनं भंगारातला एक जुना लेथ उचलला, गोठ्यात बसवला आणि मला म्हणाला, "शाम, ह्यालाच सीएनसी करतो." मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना रे तुझं?

होतं. आमच्यापेक्षा जास्तच होतं. हत्यार पुढंमागं सरकवायला मी पट्टा सुचवला, स्वस्त आणि सोपा. तो म्हणाला, पट्टा ताणतो, माप हलतं. त्याला बॉलस्क्रूच हवा होता. म्हणजे आट्यांचा दांडा आणि त्यावर नट, नटाच्या पोटात छर्रे. साधा स्क्रू घासत जातो, हा छर्‍यांवर घरंगळतो, ढील म्हणून नाय. पट्टा लावला तो फक्त मोटर आणि दांड्याच्या मध्ये, दात्यांचा, आखूड. हत्यार कुठं आदळलंच तर पट्टा तुटेल, दांडा वाचेल. कुर्ल्याचा भंगारबाजार पालथा घालून त्यानं तो दांडा मिळवला. नटाच्या तोंडाची, कचरा अडवणारी रबरी पुसणी तेवढी झिजलेली होती, म्हणून वरून रेक्झिनचं झाकण शिवलं. "एक कण आत गेला तर मेलो," म्हणायचा.

लेथ चालायला लागला. एका कंपनीचा माणूस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बुश, म्हणजे दांड्यावर बसायची धातूची आखूड नळी, कातून घेऊन बघायला येणार होता. माप जमलं तर घरबसल्या काम, नाय तर परत दुसऱ्याच्या दारात.

दसऱ्याला देवराम आणि मी झेंडू आणायला शहापूरला गेलो. त्यांच्या घरात हत्यारं पुजायचा मान थोरल्याचा, म्हणजे महिपतचा. आमी नसताना त्यानं विळा, कोयता, नांगर पुजला, मग लेथकडं वळला. आमी परतलो तर झाकण बाजूला पडलेलं, दांड्यावर हळदकुंकू, अक्षता, आणि वरून ओतलेलं नारळाचं पाणी नटात झिरपत होतं. "देवाला काय गोधडीत घालून पुजतात?" महिपत म्हणाला.

देवराम धावत लेथपाशी गेला. त्यानं फडकं उचललं.

"आज हात लावायचा नाय. उद्या पूस," महिपतनं दरडावलं.

पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. मी म्हटलं, "पूस रे, देव काय करणार नाय." देवरामनं फडकं खाली ठेवलं. "बाप गेल्यावर दादानंच वाढवलंय मला," एवढंच बोलला. तेव्हा मला जी चीड आली ती अजून गेली नाय.

सकाळी वरवरचं सगळं पुसलं, पण आत कुंकवाचा चिखल सुकला होता. पहिला बुश बरोबर आला, दुसरा जाडा, तिसऱ्याला नट करकरला आणि अडकून बसला. कंपनीचा माणूस चहा पिऊन निघून गेला. नंतर देवरामनं नट खोलला, रॉकेलनं धुतला. छर्‍यांच्या वाटेवर चरे पडले होते. ते कशानं धुऊन निघणार?

आता तो त्याच कंपनीत सीएनसीचं दार उघडतो, कांब घालतो, हिरवं बटण दाबतो. महिपत गावभर सांगतो, मी पूजा केली म्हणून एक बुश तरी नीट निघाला. देवराम ते ऐकून कामावर निघून जातो.

लेथ अजून गोठ्यात आहे. दर दसऱ्याला महिपत त्याची पूजा करतो. ताट देवराम धरतो, आणि झाकणही आता तोच काढून देतो.