दाजींना खाली उतरवलं त्या दिवशी

पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम त्याला दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, लावून दिलं होतं. दोघांची जोडीच होती. तो मुखदुर्बळ, त्याच्या वाटचंही दाजीच बोलत.

त्या सकाळी चक्की थांबवून गिअरबॉक्सचं तेल बदलायचं होतं. मनोऱ्याच्या टोकावरच्या यंत्रांच्या खोलीत पोहोचल्यावर दाजी म्हणाले, "जरा टेकतो रे." नेहमीची थट्टा असेल म्हणून यानं पाना हातात घेतला. वळून बघतो तर दाजी भिंतीशी कलंडलेले. तो दाजींची छाती दाबत राहिला, हाका मारत राहिला. रेडिओवरून खाली कळवलं. मग दाजींना पट्टे बांधून त्या खोलीच्या तळातल्या झडपेतून दोरानं खाली सोडलं. अशा सुटकेच्या सरावाच्या वेळी रुग्ण व्हायची हौस दाजींनाच. "सावकाश बाबा, पोटात कालवतंय," असं लटकल्या लटकल्या ओरडायचे. आज दोर गुपचूप उतरत गेला.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली.

सुपरवायझर घुटमळत म्हणाला, "वर तेल अर्धवट राहिलंय. दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"मीच जातो."

सोबतीला एकाला घेऊन तो पुन्हा चढला. तेल भरलं, झाकण आवळलं, दाजींची पाण्याची बाटली पिशवीत घातली. खाली येऊन चक्की सुरू केली. वारा चांगला होता. पाती फिरू लागली, वीज जाऊ लागली. रडू येईल म्हणून तो वाट बघत उभा राहिला. आलं नाही.

घरी ताई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "शेवटी काय म्हणाले?"

"जरा टेकतो म्हणाले."

"घरी कधी टेकले नाहीत," ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबला. तो शेजारी बसला. तिच्या पाठीवरून हात फिरवताना आपला हात दुसऱ्याचाच आहे असं त्याला वाटलं.

"दगडाच्या काळजाचा आहे," असं नातेवाईक म्हणाले.

पुढे ताईनं एकदाच म्हटलं, "सोड ती नोकरी."

"सोडून काय करू?"

तिनं पुन्हा विषय काढला नाही. त्याला नवा जोडीदार मिळाला. बरा आहे, बडबड्या आहे. चढताना तो एकटाच बोलतो, आणि हा अधूनमधून हुंकार भरतो.