मशीन उतरवून घेतलं कोणी?

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलेय... खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसत. मी शाळेत गणित शिकवते. वर्गात कोणी "बाई, उत्तर आपोआप आलं" असं म्हणालं की मी त्याला फळ्यापाशी उभं करते. आपोआप काही येत नसतं, मधली पायरी दाखव! त्यामुळे आज स्वतःच इथे लिहायला बसताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण आमच्या घरी जे घडलं त्यातली मधली पायरी मला दोन वर्षं झाली तरी सापडलेली नाही. रंगवून काही सांगत नाही. जसं झालं तसं लिहिते.

मी मूळची खारेपाटणची. लग्न होऊन मालवण तालुक्यात आले. नवरा नितीन, मालवणात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. त्याचं गावचं घर कसालपासून आत, एका वाडीत. तिथे माझे सासरे आणि चुलत सासऱ्यांचं कुटुंब असतं, भातशेती आणि थोडे काजू. सासूबाई नाहीत. नितीन नऊ वर्षांचा असताना त्या काविळीने गेल्या. लग्नाआधी त्याने मला एवढंच सांगितलं होतं, आणि नंतरही त्याहून जास्त कधी बोलला नाही. मी विषय काढला की हा गॅसवरचं दूध बघायला जाणार. गॅसवर दूध नसलं तरी!

माझी शाळा कट्ट्याला, त्याची लॅब मालवणात. दोघांना मधलं पडेल म्हणून आम्ही चौक्याला भाड्याने घर घेतलं. चिऱ्याचं, वर स्लॅब. पुढची खोली, मग स्वयंपाकघर, मागे जाळी लावलेली पडवी, आणि पडवीच्या टोकाला न्हाणीघर. पुढच्या दाराला पितळी कुलूप, पडवीतून बाहेर जाणाऱ्या मागच्या दाराला आतून अडसर. आमच्याकडे चाव्या दोन — एक माझ्या पर्समध्ये, एक नितीनच्या बाईकच्या किल्लीला. तिसरी घरमालकांकडे, आणि ते राहतात डोंबिवलीला. हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण तुम्ही पहिल्यांदा हेच विचाराल.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष म्हणजे एकेक वस्तू घरात येण्याचं वर्ष. आज कपाट, पुढच्या महिन्यात मिक्सर. मग पहिली मोठी खरेदी करायची वेळ आली आणि आमचं पहिलं मोठं भांडणही. मला स्कूटी हवी होती. एसटी वेळेवर नाही, रिक्षा भरेपर्यंत चौक्याच्या नाक्यावर ताटकळायचं... रोजची कटकट. नितीनला मात्र वॉशिंग मशीन हवं होतं.

"दोन माणसांचे कपडे असतात किती?" मी म्हटलं. "अर्ध्या तासात होतात."

"अर्धो तास कोणाचो जाता?"

"माझा. आणि मी तक्रार केलीय का?"

"करूक नाय, म्हणानच घेवया," तो म्हणाला. चिडला की तो पूर्ण मालवणीत शिरतो. "मशीन पयली. मगे तुका काय व्हया ता घे."

"पण का? कारण तरी सांग!"

कारण काही तो सांगेना. चार दिवस आम्ही "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोललो. मला वाटायला लागलं, हा माणूस असाच हट्टी निघाला तर पुढची पन्नास वर्षं काढायची कशी? शेवटी मीच हार मानली — पण अगदी तोंड फुगवून.

रविवारी कुडाळला दुकानात गेलो. मी तिथल्या विक्रीच्या सोफ्यावर बसून राहिले. नितीन एकेका मशीनचं झाकण उघडून आत वाकून बघत होता, लहान मुलं विहिरीत बघतात तसा. मग त्याने दुकानदाराला एक विचित्र प्रश्न विचारला, "सोडा-बिडा हाताला लागत नाही ना?"

"काही नाही साहेब," दुकानदार हसला. "कपडे टाकायचे आणि काढायचे."

शनिवारी माझी सकाळची शाळा असते, म्हणून डिलिव्हरी शनिवारी दुपारची ठरली.

आणि हे घडलं गुरुवारी.

संध्याकाळी साडेपाचला मी शाळेतून आले. कुलूप जागच्या जागी. उघडून आत गेले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले आणि पलीकडे पांढरं काहीतरी दिसलं. मशीन! मागच्या पडवीत, नळाच्या शेजारी उभं. खोका घडी करून भिंतीला टेकवलेला, थर्माकोलचे तुकडे एका पिशवीत भरलेले. पडवीचा केरसुद्धा काढलेला.

मला वाटलं, नितीन हाफ डे घेऊन आला असणार. जरा बरंही वाटलं, जरा रागही आला, कारण मशीन न्हाणीच्या आत ठेवायचं असं आमचं ठरलं होतं. मग ओट्यावर नजर गेली. तीन कपबशा धुऊन उपड्या घातलेल्या. निळ्या फुलांच्या. आमच्याकडे निळ्या फुलांच्या कपबशा... हो, होत्या. लग्नात आहेर आलेला सेट. माळ्यावर, खोक्यात. मी तो अजून उघडलाही नव्हता.

नितीनला फोन लावला. "मशीन आलं ते सांगितलं नाहीस?"

"खंयची मशीन? ती शनिवारी येतली मां!"

"तू घरी आला नव्हतास?"

"मी सकाळपासून लॅबात आसंय गो. फोन ड्रॉवरात हुतो. काय झाला?"

मी पुढच्या अंगणात येऊन उभी राहिले. घरात थांबवेना. एवढ्यात शेजारच्या सावंतकाकू कुंपणापाशी आल्या. "तुजी आवस ईली हुती मां आज? टेम्पो ईलो तेव्हा माका पाठमोरी दिसली. म्हटलंय, जेवची येळ, कशाक हाक मारू?"

माझी आई त्या वेळी खारेपाटणला होती. मी लगेच फोन करून खात्री केली.

नितीन अर्ध्या तासात पोचला. चेहरा उतरलेला. सगळं घर तपासलं. काही गेलेलं नाही, काही हललेलं नाही. अडसर आतून घातलेला तसाच. मग दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "टेम्पो आज मालवणकडे चाललाच होता, म्हणून पाठवून दिलं. तुमचा फोन लागला नाही. पण घरात होतं ना कोणीतरी? डिलिव्हरीच्या चलनावर सही आहे." त्याने टेम्पोवाल्याचा नंबर दिला. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दोघं पायरीवर बसलो.

"तुमची मावशी हुती मां घरात," टेम्पोवाला म्हणाला. "दार उघडाच हुता. हाक मारलंय, तशी भायर ईली. पदर खोचलेलो, हात वले. कायतरी धुयत हुती वाटता. आमका म्हणाली, 'झिलांनो, पाय पुसा हां आदी. सुनेन सकाळीच लादी पुसलेली आसा.'"

त्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी मी खरंच लादी पुसली होती.

"आमी न्हाणीत ठेवतलो हुतो. ती म्हणाली, 'थंय नको, हंय ठेवा, हंय वारो येता.' मगे चाय दिल्यान. आल्याची. सही केल्यान. आमी निघालो तेव्हा मशीनीचा झाकण उघडून आत बघी हुती... कित्या, काय झाला काय?"

"नाय, काय नाय," नितीन म्हणाला आणि फोन ठेवला.

गिऱ्हाइकाची चलनाची प्रत मशीनवरच होती, कपड्यांच्या चिमट्याखाली दाबून ठेवलेली. खाली कार्बनची निळी सही. 'शालीनी'. मधल्या 'ली'ला दीर्घ वेलांटी — शाळेत मी लाल पेनाने दुरुस्त केली असती. नावाखाली एक रेघ, आणि रेघेचं टोक खाली वळवलेलं.

नितीनने ते चलन हातात धरलं, आणि तो पडवीच्या कट्ट्यावर बसला.

"आयेची सही," तो म्हणाला.

दुकानात आम्ही फक्त नितीनचं नाव आणि फोन नंबर दिला होता. सासूबाईंचं नाव तिथे कोणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. सावंतकाकूंनाही नव्हतं. खरं सांगायचं तर, त्या आपल्या नावातली वेलांटी कशी काढायच्या हे मलाही माहीत नव्हतं.

मला भीती वाटली का? वाटली. त्या कपबशांना मी दोन दिवस हात लावला नाही. पण एक गोष्ट सारखी मनात यायची. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि मला 'सून' म्हणणारं बाईमाणूस कोणी नव्हतंच. काकीसासूबाई मला नावाने हाक मारतात. आणि इथे कोणीतरी दोन परक्या माणसांना माझ्या पुसलेल्या लादीवरून दटावलं होतं...

रविवारी आम्ही गावी गेलो. नितीनने अंगणात चलन सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. मग आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून नितीनचं तिसरीचं प्रगतिपुस्तक घेऊन आले. पालकाची सही — चारही चाचण्यांना 'शालीनी'. तीच वेलांटी, तीच खाली वळलेली रेघ. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत होते. फरक शोधत होते, खोटं कशाला बोलू. सापडला नाही.

"काय घेतलास?" सासऱ्यांनी विचारलं.

"कपडे धुवची मशीन."

सासरे मग म्हणाले, "मगे ती ईल्याशिवाय रवतली काय?"

आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी पहिल्यांदाच ऐकलं. सासूबाई व्हाळावर, म्हणजे घरामागच्या ओढ्यावर, कपडे धुवायला जायच्या. एकत्र कुटुंबातल्या दहा-बारा माणसांचे. सोड्याने हातांना भेगा पडायच्या, हिवाळ्यात त्यातून रक्त यायचं. नितीन सहा-सात वर्षांचा असेल. दगडावर बसून तो बघत असायचा. एकदा पोलीस पाटलांच्या टीव्हीवर त्याने मशीनची जाहिरात पाहिली आणि घरी येऊन सांगितलं, "आये, मी मोठो झालंय काय तुका तसली मशीन हाडून दितलंय."

"आणि ह्या खुळ्या बायलेन," सासरे हसत, डोळे पुसत म्हणाले, "अख्ख्या वाडीत सांगल्यान. माझो झील माका मशीन हाडतलो, माझो झील माका मशीन हाडतलो! बायका व्हाळार तिका 'मशीनवाली' म्हणाक लागले. तिका राग येवचो नाय. उलट हसा."

नितीन खाली मान घालून अंगणातली माती पायाने उकरत होता.

येताना बाईकवर, कसालच्या चढावर, मी त्याच्या पाठीला गाल टेकवून विचारलं, "मला का नाही सांगितलंस? चार दिवस अबोला तरी धरला नसता मी!"

"माका वाटला, तू हसतलंस," तो म्हणाला. "मेलल्या माणसाक कोण मशीन घेता?"

आणि मग तो बोलायला लागला. चौके येईपर्यंत थांबलाच नाही. आई बांगड्याच्या कालवणात तिरफळं जास्त घालायची. तिला पोहता यायचं. तिला 'ळ' म्हणता यायचा नाही. त्याला ताप आला की ती त्याच्या कानात कोंबड्यासारखं आरवायची, हसवायला. वर्षभरात ऐकलं नव्हतं एवढं मी त्या एका तासात ऐकलं. घरी आलो तरी आम्ही बाईकवरून उतरलो नाही. अंगणातच तसेच बसून राहिलो, तो बोलत होता म्हणून.

मी माझ्या परीने शोध घेतला. मालकांना फोन केला, त्यांची चावी डोंबिवलीच्या कपाटातच होती. टेम्पोवाल्याच्या जोडीदाराला गाठून वेगळं विचारलं, त्याने शब्दन् शब्द तेच सांगितलं. सासूबाईंचा एकुलता एक फोटो दाखवला तेव्हा मात्र दोघंही घुटमळले. "असात... पण चेहरो नीट आठवणा नाय. हात आठवतत." असं का, तेही मला कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी स्कूटी आली. त्या दिवशी मी मुद्दाम लादी पुसली, निळ्या कपबशा ओट्यावर काढून ठेवल्या, आलं किसून ठेवलं. दाराला कुलूप लावून शाळेत गेले. संध्याकाळी आले तेव्हा सगळं होतं तसंच होतं. शोरूमवाल्याने स्कूटी सावंतकाकूंच्या अंगणात लावली होती. मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

तर हा अनुभव. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा, पण पायऱ्यांसकट.

मशीन बसवून द्यायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा वॉरंटी कार्डावर नाव काय लिहू म्हणून त्याने विचारलं होतं. नितीनने न थांबता आईचं नाव सांगितलं — वेलांटी दीर्घ घाला, असंही सांगितलं. त्यामुळे सर्व्हिसिंगचे फोन त्याच नावाने येतात. परवाही आला. मी पडवीत कपडे वाळत घालत होते. फोनवरच्या मुलीचा आवाज मला ऐकू आला, "शालिनी मॅडमशी बोलायचं होतं. आहेत का?"

नितीनने सुरू असलेल्या मशीनकडे पाहिलं.

"आसा," तो म्हणाला. "पण कामात आसा. माका सांगा."