गालावरच्या दोन रेघा

अमरावतीहून तिवशाला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त ती रोज माझ्या शेजारी बसायची. तिशीला टेकलेली, लग्न व्हायचं राहिलेली. नाव मी कधी विचारलं नाही. गाडी सुटली की पिशवीतला आरसा काढून ती ओठांच्या कडेच्या दोन रेघा बोटांनी वर ओढून धरायची.

त्या रेघांची काळजी साऱ्या गाडीला. एका वकिलांनी संत्र्याची साल दुधात वाटून लावायला सांगितली. मोझरीला उतरणाऱ्या आजीबाईंनी साय सुचवली. कंडक्टर अकोल्याहून स्नोची बाटली आणून द्यायला निघाला. सल्ला देणाऱ्यांची स्वतःची तोंडं नांगरलेल्या वावरासारखी, पण उपाय रामबाण. बिचारीनं सगळे केले. सालीनं गाल सोलवटले, सायीनं उशीला मुंग्या लागल्या, स्नो लावून ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायला लागली. रेघा जिथल्या तिथं.

शेवटी मी म्हटलं, “हसरा चेहरा आहे तुमचा. राहू द्या की.”

तिनं आरसा खाली ठेवला.

“बाई, ह्या काय मौजेनं पडल्या? पाहाले आलेल्या पाव्हन्यायपुढं पोहे ठेवून हासून हासून पडल्या. माय म्हने, हासत राह्य. आता तेच पाव्हने म्हनतेत, पोरगी वयाची दिसते. येत्या रविवारी मी हासनारच नाही. शिष्ट हाय म्हनतीन, म्हातारी त नाही म्हननार.”

सोमवारी ती गाडीत चढली ती खळखळून हसतच. आरसा काढलाच नाही. पाहुण्यांचा निरोप आला होता: मुलगी तरुण आहे, पण हसतमुख नाही.