जावेचं दुखणं

लोकांना शौचाबद्दल प्रश्न विचारायचे, हे माझं काम आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. हे मी एकदा नात्यातल्या साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीत सांगितलं. तेव्हापासून समारंभात कामाचा विषय काढायला नवऱ्याने मला बंदी घातली आहे. मी ती पाळत नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस रोज सकाळी दार लावून बसतो, तिच्याबद्दल बोलायला इतकं काय लाजायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

नाशिकच्या एका रुग्णालयात गुदाशयाच्या आजारांवर संशोधन चालतं. बाळंतपणानंतर कितीतरी बायकांचा शौचावरचा ताबा सुटतो, नकळत कपडे खराब होतात. त्या हे कुणाला सांगत नाहीत, देवळात जाणं सोडतात, लग्नाला जाणं सोडतात. आमच्या डॉक्टरबाईंना अशा बायका शोधायच्या होत्या, आणि शोधायला मी होते. द्वारका चौकातून शेअर रिक्षा धरायची, शहराबाहेरच्या फुलशेतीच्या गावात उतरायचं आणि झेंडू तोडून बायका सावलीला बसल्या की त्यांच्यात जाऊन बसायचं.

पहिले काही दिवस मला कुणी दाद दिली नाही. असलं काही आमच्यात नाही, म्हणत त्या चहा पाजून वाटेला लावायच्या. मग एक बाई हळूच म्हणाली की तिला नाही, पण तिच्या जावेला होतं तसं. शेजारच्या गावातही जावेलाच होतं. त्याच्या पुढच्या गावातही. बोलणारी प्रत्येक जण धडधाकट आणि आजारी सगळ्या जावाच. सासूचं नाव घ्यावं तर घरात भडका, नणंदेचं घ्यावं तर माहेरी बोभाटा. जाऊ मात्र कशालाही चालते.

मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग आम्ही ठरवलं की प्रश्नच जावेबद्दल विचारायचा आणि उत्तर त्या बाईचं स्वतःचं समजायचं. युक्ती लागू पडली. बायका घडाघडा बोलू लागल्या, तपासणीला येऊ लागल्या, स्नायू आवळायचे व्यायाम शिकल्या. एक जण तर बरं वाटलं म्हणून पिशवीभर कोवळी मेथी देऊन गेली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

अशात एका मळ्यात एक पन्नाशीची बाई भेटली. दोन भावांचं घर, मध्ये भिंत घालून वाटण्या झालेल्या, त्यातली ही थोरली. तिने आपणहून मला बाजूला नेलं आणि सांगितलं की धाकट्या जावेला शौचातून रक्त पडतंय, सारखं जावंसं वाटतं, अंगावरचं मांस उतरलंय. मी ओळखीचं हसले आणि म्हटलं, तुमच्या जावेला रुग्णालयात घेऊन या. त्यावर ती म्हणाली की दोघींचा अबोला आहे, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून, किती वर्षं झाली कुणास ठाऊक. काय छान सबब शोधलीय बाईने, असं मला वाटलं. मग तुम्हीच या, असं मी म्हटलं.

ती खरंच आली. डॉक्टरबाईंनी तिला टेबलावर घेतलं, नीट तपासलं, रक्त तपासलं, दुर्बीण घातली. बाई ठणठणीत. थोरली लुगडं सावरत उठली आणि तिने विचारलं, "झालं? आता माझ्या जावेला औषध द्या." तिला वाटलं होतं, घरातल्या एकीला तपासलं की दुसरीला औषध मिळतं, रेशन आणावं तसं.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. बोलत नाही तर तुम्हाला हे कळलं कसं, असं मी विचारलं. दोन घरांना संडास एकच होता. "बोलत नाय म्हणून दिसत बी नाय का, ताई?" ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी धाकटीच्या दारात जाऊन बसले. मूळव्याध असेल, असं म्हणत ती टाळत होती. भिंतीपलीकडे थोरली म्हशीशी मोठमोठ्याने बोलत होती की काही लोकांना जिवाची किंमत नाही, म्हशे, तुला तरी कळतं का बघ. धाकटीने आपल्या शेळीला सांगितलं की लोकांनी आपापल्या घरात बघावं. इतकी वर्षं दोघींचा व्यवहार असाच चालला होता. मी दोघींवर रागावले, जनावरांवरही रागावले, आणि धाकटीला रिक्षात घातलं. थोरली कुणी न बोलावता पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.

तपासणीत गुदाशयाचा कर्करोग निघाला. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या की वेळेत आलात, हा बरा होणारा आहे. औषधं, किरणं, मग शस्त्रक्रिया. खालचे स्नायू वाचतील, पण जखम भरेपर्यंत काही महिने पोटावर पिशवी लावावी लागेल, शौच तिच्यात होईल.

इतका वेळ मुकाट ऐकणाऱ्या धाकटीने पिशवीचं नाव काढताच नकार दिला. घाण पोटावर घेऊन ती जगणार नव्हती. सुना नाक मुरडतील, पुरुषमाणूस काय करणार, आणि स्वतःला तर बघवणारही नाही. डॉक्टरबाईंनी समजावलं, मीही समजावलं. ती पदर खोचून उठायला लागली.

थोरली दाराशी उभी होती. ती डॉक्टरबाईंकडे बघून म्हणाली, "मॅडम, तिला सांगा, पिशवीचं मी करीन."

डॉक्टरबाईंना त्या दिवशी म्हशीचं काम करायचं नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच सांगा."

थोरली पुढे आली, पण जावेकडे बघायचं धाडस तिला होईना. बघितलं ते धाकटीनेच.

"जाऊबाई, तुम्हाला किळस येईल."

"तुझी तिन्ही पोरं मीच धुतली ना गं," थोरली म्हणाली. "तवा काय नाकाला फडकं बांधलं व्हतं?"

धाकटी परत खुर्चीत बसली आणि तिने डॉक्टरबाईंना विचारलं की किती दिवस लागतील, कारण दसऱ्याला झेंडू तोडायला माणूस मिळत नाही. थोरली म्हणाली, तुझ्या वावरातला पण मीच तोडीन.